हिंडतं चित्र

माझ्या भावाबद्दल विचारायला आलेली माणसं सगळ्यात आधी हळदीचं विचारतात. हळद कुठून आणली, मेंढ्यांना त्रास झाला का, रंग कधी गेला. मी सांगते, हळद सांगलीच्या पेठेतली होती, मेंढ्यांना काहीही झालं नाही, त्रास झाला तो आम्हाला. मग त्यांना वाटतं, म्हातारी खवट आहे. असेन. पण अर्जुनादादाची बहीण म्हणून जिनं चार दिवस काढले असतील, तिनं यावं आणि माझ्यापेक्षा गोड बोलून दाखवावं.

आम्ही आटपाडीकडचे धनगर. आमच्याकडे पाऊस बेताचा, म्हणून दिवाळी झाली की वडील, म्हणजे हरिबा, मेंढरं घेऊन पश्चिमेकडे बागायती मुलखात उतरायचे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. त्यांच्या जोडीला त्यांचे चुलतभाऊ भाऊसो, आमचे तात्या. दोन्ही घरांचा तळ एक, चरणं एक, पण रात्री मेंढ्या कोंडायची जाळी, म्हणजे वाघर, वेगळी आणि मेंढ्यांवरची खूण वेगळी. आबा पाठीवर गेरूची आडवी रेघ ओढायचे, तात्या मानेवर ठिपका द्यायचे. ही खूण घरातल्या कर्त्या माणसानंच काढायची, दुसऱ्या कुणी गेरूच्या वाटीला हात लावायचा नाही. दादा लहान असताना त्यानं त्या वाटीत बोटं बुडवून एका मेंढीवर मोर काढला होता. त्यावर आबांनी दादाच्या पाठीवर जे काढलं, ते आठवडाभर दिसत होतं.

पण हात काही गप्प बसला नाही. चुलीतला कोळसा, ओढ्याची शाडू, जे सापडेल त्यानं तो चित्रं काढायचा. शाळेतल्या मास्तरांनी खटपट करून त्याला मुंबईला चित्रकला शिकायला धाडलं, आणि १९७४ साली तिथल्या एका प्रदर्शनात त्याचं चित्र लागलं. भिंतभर चित्र, माळावरचा मेंढरांचा कळप. आबा खांद्यावर घोंगडं टाकून, मला बरोबर घेऊन ते बघायला गेले.

चित्रासमोर आबा बराच वेळ उभे राहिले. दादा त्यांच्या तोंडाकडे टक लावून होता. शेवटी आबा म्हणाले, "अर्जुना, मेंढरं झ्याक हायती. पर ही हिंडत का न्हाईत?"

"चित्र हाय त्ये, आबा."

"व्हय रं, पर मेंढरू कवा असं उभं ऱ्हातंय व्हय? उभं ऱ्हायलं म्हंजी दुखणाईत हाय."

शेजारी उभे असलेले चित्रकार खो खो हसले. मला आबांचीही लाज वाटली आणि त्या हसणाऱ्यांचाही राग आला. दादा मात्र हसला नाही. त्याचे कान लाल झाले, डोळे मोठे झाले, मला वाटलं याला ताप चढतोय. आठवड्याच्या आत त्यानं ते भिंतभर चित्र कुणाला तरी देऊन टाकलं आणि मुंबई सोडून परत आला. अंगात जणू वारं शिरलं होतं. "हरणे, सापडलं!" एवढंच मला म्हणायचा आणि अंगणात येरझाऱ्या घालायचा.

कलेतली चळवळ म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर मोठी मंडळी येतात. आमच्या चळवळीत तीन माणसं होती. एक दादा. दुसरा त्याचा दोस्त लालासाहेब, कोरेगावकडचा ऊसवाला. तो फौजेत सिग्नलवर, म्हणजे निशाणांनी निरोप धाडायच्या कामावर होता, पायाला गोळी लागून घरी आला होता आणि अजून सगळ्या जगाला हुकूम द्यायचा. तिसरी मी. मी तेव्हा साताऱ्याला मास्तरकीचं शिकत होते आणि माझं अक्षर बरं, म्हणून मला जाहीरनामा लिहायला बसवलं. चळवळीचं नाव 'हिंडतं चित्र'. जाहीरनाम्यात होतं: 'चित्राला खिळा ठोकला की ते मेलं. चित्रानं आपल्या पायानं चालावं, चरावं, घाण करावी आणि दिवस मावळला की घरी जावं.' ते 'घाण करावी' तेवढं काढ, म्हणून मी हातापाया पडले. दादा म्हणाला, तेच तर महत्त्वाचं आहे.

आम्ही ती पत्रकं साताऱ्यात वाटली, सांगलीत वाटली. सांगलीच्या एका प्राध्यापकांनी ते वाचून, 'या गृहस्थांना मेंढ्या वळायला पाठवावे' असं वर्तमानपत्रात छापून आणलं. दादाला इतका आनंद झाला की त्यानं ते कात्रण खिशात घालून गावभर दाखवलं. म्हणे, बघा, त्यांना सुद्धा पटलं.

माघात आमचा तळ कोरेगावच्या पुढं, लालासाहेबाच्या रानात पडला; साताऱ्याहून मीही सुट्टीला तिथं आले होते. मेंढरं बसवली की रानाला खत मिळायचं आणि आम्हाला धान्य. रानाच्या उगवतीला एक उघडी टेकडी होती, तिच्यासमोरून सातारचा रस्ता जायचा. दादानं ती टेकडी बघितली आणि जेवणं सोडलं. त्याच्या डोक्यात असं आलं, की संध्याकाळी, दिवस मावळताना, त्या टेकडीवर पहाट उगवायची. काळ्या मेंढ्या पायथ्याला, त्या रात्र. मध्ये गेरूनं रंगवलेल्या, ते तांबडं. सगळ्यात वर हळदीनं पिवळ्या केलेल्या, ते ऊन. सगळं मिळून हळूहळू टेकडी चढायचं आणि लोकांनी रस्त्यावरून बघायचं. उगवतीलाच उगवायचं, पण मावळतीच्या वेळेला! मला हे त्यानं सांगितलं तेव्हा माझ्या हातातली भाकरी तव्यावर करपली. खोटं कशाला बोलू, मलाही ते दिसलं.

आबांना तयार करणं सोपं गेलं. हळद म्हणजे बिरोबाचा भंडारा, देवाच्या नावानं उधळायचीच, मग मेंढीच्या अंगावर पडली तर काय बिघडलं? अडून बसले ते तात्या.

"खुना बुजल्यावर कंची कुनाची, कसं कळायचं रं?" त्यांनी विचारलं.

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "माजी मेंढरं म्या तोंडावरनं वळकतो. तुजी तुला वळकत न्हाईत व्हय?"

हे झोंबलं. तात्या उठून उभे राहिले. "बरं तर. दिवस मावळायच्या आत हरएक मेंढरू आपापल्या वाघरात पायजे. एक जरी कमी पडलं, तर तुजं पोरगं ब्रश टाकंल आन् काठी घील. जलमभर. हाय कबूल?"

"दिला शबूद," आबा म्हणाले.

दादाला कुणी विचारलंच नाही. आबांचा शब्द म्हणजे काय असतो ते आम्हा दोघांना माहीत होतं. एकदा शब्दासाठी त्यांनी घरची लोकर पावसात चालत विट्यापर्यंत नेऊन दिली होती. दादा माझ्याकडे बघून हसला. चार वर्षं मुंबईत शिकलेला हात उद्या संध्याकाळी राहतो की जातो, एवढंच आता ठरायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून जी धांदल उडाली, ती मी आयुष्यात विसरणार नाही. नदीवर मेंढ्या धुतल्या, कायलीत हळद कालवली, घमेल्यात गेरू. लालासाहेब दगडावर उभा राहून "पिवळी तुकडी डावीकडं! तांबडी तुकडी थांब!" असं ओरडत होता आणि मेंढ्या त्याच्याकडे बघून सरळ उलट्या जात होत्या. दादाचं अंग कोपरापासून पिवळं आणि गुडघ्यापासून तांबडं झालं होतं. तो गात होता, शिव्या देत होता, मेंढ्यांची समजूत घालत होता. आणि त्या भरात त्यानं मेंढ्यांची तोंडंही रंगवली. कपाळ, नाक, कान, सगळं.

आबा नदीवर आले तेव्हा अर्ध्याहून जास्त काम झालं होतं. ते एका पिवळ्या मेंढीसमोर उकिडवे बसले, तिच्या तोंडाकडे बघितलं, मग शेजारच्या तोंडाकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

दुपार कलली तशी रस्त्यावर माणसं जमली. कोरेगावच्या बाजाराचा दिवस होता, त्यामुळे बैलगाड्या थांबल्या, एसटीतनं उतरून लोक उभे राहिले. सांगलीचे ते प्राध्यापकसुद्धा छत्री घेऊन आले होते. लालासाहेबानं हिरवं निशाण हलवलं. दादानं शीळ घातली. आबांची लाडकी चांदी नावाची पांढरीशुभ्र मेंढी, जी आता अंगभर पिवळी होती, ती पुढं झाली आणि तिच्यामागं सगळा कळप टेकडीला लागला.

अहो, काय सांगू! समोर काळं, त्यातून तांबडं निघालं, तांबड्यातून पिवळं. आणि ते सगळं हलत होतं, श्वास घेतल्यासारखं फुगत होतं, ओसरत होतं, वर सरकत होतं. मावळतीचं ऊन नेमकं समोरून पडलेलं. रस्त्यावरची गर्दी चिडीचूप झाली. एका बाईनं हात जोडले. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि मला ते पुसावंसंही वाटलं नाही. दादा टेकडीच्या अर्ध्यावर उभा होता, दोन्ही हात डोक्यावर धरून, आणि आपलंच चित्र बघून लहान मुलासारखा उड्या मारत होता.

तेवढ्यात हलगी वाजली.

हा लालासाहेबाचा पराक्रम. आमच्या भागात कुस्ती असो, लग्न असो, की कुणी निवडून येवो, हलगीशिवाय कार्यक्रम झाला असं कुणी मानत नाही. लालासाहेबानं दादाला न विचारता हलगीवाले सांगून ठेवले होते, ऐन रंगात आल्यावर बडवायला. त्यांनीही मान राखायचा म्हणून जीव खाऊन बडवली. सगळी टेकडी उधळली. पिवळं काळ्यात घुसलं, तांबडं पळत सुटलं, पहाटेच्या चिंधड्या झाल्या, आणि तो सगळा लोंढा धूळ उडवत खाली रानात येऊन एकमेकांत कालवला गेला. रस्त्यावरची माणसं हसली, चुकचुकली आणि आपापल्या वाटेला लागली.

आबा आणि तात्या कळपात शिरले. आबा एका मेंढीची मान धरून म्हणाले, "ही माजी." तात्यांनी तिचीच शेपटी धरली, "माजी हाय!" काळ्या ओळखू आल्या, पण रंगवलेल्यांच्या पाठीवर रेघ नाही, मानेवर ठिपका नाही, तोंड हळदीचं नाहीतर गेरूचं. तोंडावरून ओळखणारे आबा एकेका मेंढीपुढं वाकत होते आणि उठत होते. दादा मध्ये उभा होता. पिवळ्या हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. पश्चिमेच्या डोंगरावर सूर्य टेकायला आला होता.

मला राग आला. कुणाचा म्हणाल, तर सगळ्यांचा. हलगीचा, पैजेचा, तोंडं रंगवणाऱ्याचा, तोंडं ओळखणाऱ्याचा. आणि त्या सगळ्या गोंगाटात मला कोकरांचं ओरडणं ऐकू आलं. लहान कोकरं आम्ही चरायला नेत नाही. ती दिवसभर वाघरात आयांची वाट बघतात. रानाच्या एका टोकाला आमची वाघर, दुसऱ्या टोकाला तात्यांची. मी धावत गेले, जाळी वर उचलली आणि ओरडले, "आबा, मेंढ्या सोडा! त्यांचं त्यांना कळतंय का नाही बघू!"

आमची कोकरं टणाटण उड्या मारत निघाली आणि मध्येच थबकली. समोर आया होत्या, पण ह्या असल्या पिवळ्याधमक, तांबड्याभडक आया त्यांनी कधी बघितल्या नव्हत्या. ती घाबरली, मागं वळली, माझ्या परकरात घुसली. तात्यांच्या पोरांनी त्यांची कोकरं सोडली, तिकडंही तेच. आईला पोरानं ओळखलं नाही, तर आता कोण ओळखणार?

मग एक मेंढी ओरडली. साधंच, रोजचं ओरडणं. माझ्या पायाशी बिलगलेल्या एका कोकरानं कान टवकारले, तोंड वर केलं आणि बाण सुटावा तसं ते पळालं. दुसरी ओरडली, तिसरी ओरडली. क्षणात सगळं रान ओरडू लागलं. रंग काहीही असो, आवाज तोच होता! कळप फाटला. अर्धा आमच्याकडे, अर्धा तात्यांकडे, पिवळे-तांबडे लोट दोन्ही बाजूंना धावले, मेंढे आणि भाकड मेंढ्या आपापल्या सोबतिणींच्या मागं. बघता बघता मधलं रान मोकळं झालं. मी टाळ्या पिटत नाचले. मी, मास्तरीण होणारी बाई!

तात्यांनी आपली वाघर बघितली आणि मान हलवली. त्यांची सगळी आली होती. आमच्या वाघरात मात्र एक कोकरू ओरडायचं थांबेना. काळंभोर, कपाळावर पांढरा टिळा. चांदीचं कोकरू. चांदी आली नव्हती.

"ती बगा!" लालासाहेब ओरडला.

खाली रानात सावली पडली होती, पण टेकडीच्या माथ्यावर अजून ऊन होतं. त्या उन्हात, एका दगडापाशी, एवढासा पिवळा ठिपका उभा होता. हलगीला भिऊन सगळी खाली आली, ही एकटी वर गेली होती. आबांनी हाक दिली. ठिपका हलला नाही.

दादानं कोकरू उचललं, छातीशी धरलं आणि पळत सुटला.

टेकडीवर सावली खालून वर चढत होती आणि तिच्यापुढं माझा भाऊ चढत होता. दोनदा सावलीनं त्याला गाठलं, दोनदा तो तिच्यातून बाहेर निसटला. लालासाहेब पायाचं दुखणं विसरून उभ्या जागी सगळी निशाणं एकदम हलवत होता. हलगीवाल्यानं सवयीनं हात उचलला तर तात्या खेकसले, "वाजीवलीस तर हात मोडीन!" रस्त्यानं निघालेली माणसं पुन्हा वळून उभी राहिली. कुणीतरी गाडी थांबवली. प्राध्यापकांची छत्री खाली पडली होती आणि ती उचलायचं त्यांना सुचत नव्हतं. आबांनी माझं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की बांगडी फुटली.

उघड्या टेकडीवर आता फक्त दोन ठिपके होते. एक पिवळा, वर. एक माणसाचा, खालून येणारा. चांदी त्याला बघून मागं सरकली. दादा थांबला. त्यानं कोकरू हळूच खाली ठेवलं आणि मागं मागं आला. कोकरू अडखळलं. चांदी ओरडली असणार, आम्हाला एवढ्या लांबून ऐकू आलं नाही, पण तो काळा ठिपका एकदम उसळला, धावला आणि पिवळ्या ठिपक्याला जाऊन चिकटला. त्याच क्षणी सावली माथ्यावर पोचली आणि दोन्ही विझले.

रस्त्यावरून जी आरोळी उठली, ती कुस्तीच्या मैदानात सुद्धा मी ऐकलेली नाही. लोक फेटे उडवत होते.

आबांनी माझा हात सोडला. घसा खाकरला आणि तात्यांपुढं जाऊन उभे राहिले. "भाऊसो, दिवस मावळला. एक मेंढरू वाघरात न्हाई. शबूद म्हंजी शबूद. आमी हरलो."

मी आबांकडे बघितलं, त्यांचा चेहरा दगड झाला होता. तात्या मात्र त्यांच्याकडे बघतच नव्हते. ते अजून टेकडीकडे तोंड करून उभे होते. त्यांचा फेटा केव्हाच उडाला होता आणि कुठं पडला ते त्यांना माहीत नव्हतं.

"गप रं हरिबा," ते म्हणाले. "बगू दे."

"आरं पर वाघर..."

"कोकरू हाय न्हवं तिच्यापाशी? मग तिथंच तिची वाघर. मोप झालं." आणि मग हळूच, "पुढल्या साली माज्या मेंढरास्नी निळा लावंल का ईचार त्येला."

पुढं दादाचं काय झालं ते तुम्ही वाचलं असेल. सांगलीत पोरांनी बैलांवर चित्रं काढली, साताऱ्यात सायकलींवर, परदेशातून माणसं बघायला आली, पुस्तकांत नाव आलं. चळवळीचा जन्म त्या टेकडीवर झाला असं सगळे लिहितात. लिहू देत. मी तिथं होते आणि मला वाटतं, तो दुसऱ्या दिवशी सकाळी झाला.

सकाळी खुणा पुन्हा काढायच्या होत्या. आबांनी गेरू भिजवला, वाटी घेतली आणि चांदीला पुढं ओढलं. दादा लांब बसून हाताची हळद खरडत होता. आबांनी त्याला हाक मारली आणि वाटी त्याच्यापुढं धरली.

दादा वाटीकडे बघत राहिला. त्याला मोर आठवला असणार, मला तरी आठवला. "काय काढू, आबा?"

"काय म्हंजी? आपली रेघ काढ."

त्यानं बोट बुडवलं आणि चांदीच्या पिवळ्या पाठीवर आडवी रेघ ओढली. आबांनी मान तिरकी करून बघितलं.

"वाकडी आली जरा."

"पुसू?"

"पुसतोस कशाला? चालली बग ती," आबा म्हणाले, आणि त्यांनी पुढची मेंढी धरली.